१२० तासांच्या पत्रावर मी सही का केली नाही

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली एक मुलगी घरी आली. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मास मीडिया. लहानपणापासून ओळखतो तिला. हातात एक छापील कागद होता. म्हणाली, "काका, तुमच्या लेटरहेडवर एवढं करून द्याल का? फक्त सही आणि शिक्का. मजकूर मी टाइप करून आणलाय."

मजकूर वाचला. सदर विद्यार्थिनीने आमच्याकडे जनसंपर्क विभागात १२० तासांचे प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण केले, तिने प्रसिद्धिपत्रके लिहिली, माध्यमांशी समन्वय साधला, तिची वर्तणूक उत्तम होती, वगैरे. तारखाही घातलेल्या होत्या. त्या तारखांना ही मुलगी गावाला गेली होती, हे मला माहीत होतं, कारण त्यांच्या घरचं कुरियर आमच्याकडे येऊन पडलं होतं.

मी विचारलं, "अगं, पण तू तर काहीच केलं नाहीस."

ती म्हणाली, "काका, सगळेच असं करतात."

मी सही केली नाही. ती नाराज होऊन गेली. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, "एवढं काय त्यात? पोरीचे चार क्रेडिट जातील." तेव्हापासून डोक्यात चाललंय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा. पार्ल्यात ज्यांच्या घरी कॉलेजला जाणारं मूल आहे, किंवा जे एखादी संस्था, दुकान, दवाखाना, ऑफिस चालवतात, त्यांनी तर जरूर वाचा.

आधी नियम काय आहे ते सांगतो, कारण बऱ्याच पालकांना तो नीट माहीत नाही.

नवीन शैक्षणिक धोरण आलं, त्यानुसार राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ ला पदवी अभ्यासक्रमांच्या क्रेडिटची रचना ठरवून दिली. स्वायत्त महाविद्यालयांत ती आधी लागू झाली, मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ च्या प्रथम वर्षापासून. या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आहे, समाजाशी जोडणारा उपक्रम आहे आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग आहे. मुलांच्या भाषेत ओजेटी. चार क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर २० दिवस.

हे फक्त मीडियाच्या मुलांना नाही. कॉमर्स, आर्ट्स, सायन्स, सगळ्यांना. आता आपल्या पार्ल्याचा विचार करा. पूर्वेला साठ्ये, डहाणूकर. पश्चिमेला मिठीबाई, नरसी मोनजी आणि त्यांच्या आसपासची बाकीची कॉलेजं. सकाळी साडेसातला स्टेशनच्या पुलावर उभं राहिलात तर किती मुलं उतरतात ते दिसेल. या सगळ्यांना एकाच सुमारास कुठेतरी १२० तास काम करायचंय. एवढी कामं कुठून येणार? कामं येणार नाहीत, पत्रं येतील. आणि ती यायला लागलीसुद्धा.

नियम चांगला आहे. मी त्याच्या बाजूचा आहे. तीन वर्षं नोट्स पाठ करून बाहेर पडणाऱ्या मुलाने २० दिवस तरी खऱ्या कामाच्या जागी घालवावेत, यात वाईट काहीच नाही. पण खोट्या पत्राने तो नियम मरतो. आणि जनसंपर्क शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत तो जरा जास्तच वाईट मरतो.

का, ते सांगतो. मी गेली पंचवीसेक वर्षं याच धंद्यात आहे. जनसंपर्क म्हणजे काय? कोणाच्या तरी वतीने लोकांना काहीतरी सांगायचं, आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करायची. दुसरं काही भांडवल नाही. वकिलाकडे कायदा असतो, डॉक्टरकडे औषध असतं. आमच्याकडे फक्त शब्द. ज्या मुलीने तो कागद आणला, तिने व्यवस्थित मसुदा केला होता. शब्द बरोबर, तारखा बरोबर, भाषा गुळगुळीत. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं प्रसिद्धिपत्रक म्हणा ना. आणि ते खोटं होतं. पदवी घेतानाच आपण तिला शिकवतोय की या धंद्यात असंच असतं.

दुर्दैवाने बरेचदा असंच असतं, हेही मान्य करतो.

जुनी गोष्ट नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या महाराष्ट्रात काय झालं आठवतं? पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिलं की एकाच नेत्याचं कौतुक करणारा मजकूर वेगवेगळ्या मराठी वर्तमानपत्रांत जवळजवळ शब्दन्‌शब्द सारखा छापून आला होता. बातमी म्हणून, जाहिरात म्हणून नाही. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने अहवाल दिला. २०१० मध्ये कौन्सिलने तो पूर्ण प्रसिद्ध न करता बारीक करून स्वीकारला. केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यावर २०११ मध्ये तो पूर्ण बाहेर आला. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून आपल्या घराघरांत गेला. तो मजकूर कोणीतरी लिहिला असेल ना? कुठल्यातरी ऑफिसात बसून, लेखकाचं नाव न घालता, सगळीकडे एकच फाइल कोणीतरी पाठवली असेल.

परदेशातलं उदाहरण घ्या. लंडनची बेल पॉटिंजर ही मोठी जनसंपर्क कंपनी. दक्षिण आफ्रिकेत गुप्ता कुटुंबाच्या उद्योगासाठी तिने जी मोहीम चालवली, तिने तिथला वांशिक तणाव वाढवला, असं ब्रिटनमधल्या व्यावसायिक संघटनेने ठरवलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिला सदस्यत्वातून काढून टाकलं. त्यानंतर काही दिवसांतच कंपनी कोलमडली. हे गुप्ता बंधू मूळचे आपल्याकडच्या सहारनपूरचे. अशा कंपन्यांत हुशार मुलंच असतात. "आपण हे कोणाच्या वतीने सांगतोय, आणि ते लोकांना माहीत आहे का?" हा प्रश्न त्यांना वेळेवर कोणी विचारायला लावलेला नसतो.

आता मुलांची बाजू. कारण सगळा दोष त्यांच्यावर टाकणं सोपं आहे, आणि ते मला करायचं नाही.

ही मुलं खरी जागा शोधतात. अंधेरीच्या एमआयडीसीत, लोअर परळला एजन्सी आहेत. तिथे ईमेल पाठवतात. बहुतेकांना उत्तर येत नाही. आलं तर, "आम्हाला सहा महिने पूर्णवेळ हवं." किंवा, "इंग्रजी फाडफाड हवं." कोणी घेतलंच तर मानधन नाही. रेल्वेचा पास स्वतःचा, दुपारचं जेवण स्वतःचं. वसई-विरारहून पार्ल्याच्या कॉलेजात येणाऱ्या मुलाने तिथून पुढे लोअर परळला जाऊन फुकट काम करायचं आणि रात्री नऊच्या विरार फास्टला लटकायचं. ज्याच्या घरी परवडतं तो करतो. ज्याला सुट्टीत चार पैसे मिळवावेच लागतात, तो म्हणतो, काका सही द्या.

तुम्ही म्हणाल, सरकारच्या योजना आहेत की. आहेत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरवले गेले, बारावी झालेल्याला ६,०००. केंद्राच्या इंटर्नशिप योजनेत २०२४ मध्ये महिना ५,००० ठरले. पण पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यांसाठी या योजना तेव्हा ठेवल्या नव्हत्या. म्हणजे कामाचे पैसे द्यायला हवेत हे सरकारला पटलंय, पण ज्या १२० तासांची सक्ती आहे, तिथे मात्र विद्यार्थ्याच्या खिशाकडे कोणाचं लक्ष नाही.

बरं, जागा मिळाली तर काम काय मिळतं? पत्रकारांच्या नावांची यादी एक्सेलमध्ये भरणं. "सर, आमची प्रेस नोट मिळाली का?" असे ऐंशी फोन करणं. इंग्रजी प्रेस नोटचं मराठी करणं. ते मराठी कसं असतं ते रोजच्या पेपरात बघता तुम्ही. "आम्ही हे उत्पादन सादर करताना रोमांचित आहोत." अहो, कोण रोमांचित होतं साबण आणताना? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला कळतं की हे वाक्य मराठी नाही. पण तो तिथे फुकट काम करतोय. त्याला विचारतो कोण?

आणि कात्रणं मोजणं. हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगतो. शिकत असताना एका ठिकाणी उमेदवारी केली. नाव सांगत नाही, आता त्यात काही अर्थ नाही. माझं काम म्हणजे फूटपट्टी घेऊन बातमीचं कात्रण मोजायचं. बारा सेंटिमीटर उंच, तीन कॉलम रुंद, म्हणजे छत्तीस कॉलम सेंटिमीटर. त्याला त्या पेपरच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं. वर बातमी जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह म्हणून पुन्हा तीनने गुणायचं. आलेला आकडा ग्राहकाला दाखवायचा : बघा, तुम्हाला एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळवून दिली. माझ्या लाल वहीत असे किती लाख जमले होते! खिशात मात्र परतीच्या तिकिटाचे पैसे.

जगभरच्या या क्षेत्रातल्या लोकांनी २०१० मध्ये बार्सिलोनाला जमून सांगितलं की जाहिरातीच्या दराने बातमीची किंमत काढणं हे संवादाचं मोजमापच नाही. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी आजही मुलं हेच शिकून येतात. फूटपट्टी गेली, सॉफ्टवेअर आलं, एवढाच फरक.

त्या उमेदवारीत मला एकच गोष्ट खरी शिकायला मिळाली, आणि तीही माझ्या चुकीमुळे. मोफत नेत्रतपासणी शिबिराची प्रेस नोट मी लिहिली होती. चार परिच्छेद. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, त्यांचे विचार, सगळं आलं. दोन पेपरांत छापून आली. मी खूश. शिबिराच्या दिवशी गेलो तर सकाळी आठपासून म्हातारी माणसं पायऱ्यांवर बसलेली. शिबीर अकराला होतं. मी वेळ लिहायला विसरलो होतो. एक आजोबा मला म्हणाले, "बाळा, पाहुण्यांची नावं तीन ओळी होती. वेळेची एक ओळ लिहिली असतीस तर आम्ही चहा-नाश्ता करून आलो असतो."

त्या बातमीचं कात्रण मी मोजलं होतं. आकडा चांगला होता.

मला वाटतं जनसंपर्काचा सगळा अभ्यासक्रम त्या आजोबांच्या वाक्यात आहे. ज्याच्यासाठी लिहितोय, त्याला उपयोग झाला का? बाकी सगळं नंतर. हे शिकवायला काचेची ऑफिसं लागत नाहीत. ते इथे पार्ल्यात, चालत जाण्याच्या अंतरावर शिकता येतं. माझा मुद्दा एवढाच आहे : शेवटच्या वर्षाचे ते १२० तास आपण या मुलांना इथेच, आपल्या कामात द्यावेत. खरे द्यावेत. आणि खोटी सही बंद करावी.

"इथे कसलं आलंय जनसंपर्काचं काम?" असं कोणी विचारेल. मी एकच उदाहरण सविस्तर देतो.

पार्ले पूर्वेला काय चाललंय? दर दुसऱ्या गल्लीत पत्रे लागलेत. पुनर्विकास. त्यात आपण विमानतळाच्या कुशीत, त्यामुळे उंचीची मर्यादा आणि तिची भांडणं वेगळी. प्रत्येक सोसायटीत साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत. त्यांच्यासमोर इंग्रजी कागद येतात आणि "इथे सही करा" म्हणतात. सोसायटीने पुनर्विकास कसा करायचा, सभा कशी बोलवायची, विकासक कसा निवडायचा, याचे सरकारी निर्देश आहेत. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खाली ३ जानेवारी २००९ ला काढलेले, ४ जुलै २०१९ ला सुधारलेले. किती जणांनी वाचलेत? मी आमच्याच मजल्यावर विचारलं. चार घरांपैकी एकाने, आणि तोही वकील.

आता जनसंपर्क शिकणारी दोन मुलं घ्या आणि त्यांना १२० तास या एका कामाला लावा.

पहिले ३० तास फक्त ऐकायचं. चाळीस घरांत जायचं आणि विचारायचं, तुम्हाला काय कळत नाही? भीती कसली वाटते? भाडं बंद झालं तर काय, असं वाटतं का? लिहून घ्यायचं. कोणाचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. हेही शिकण्यासारखंच आहे.

पुढचे ३० तास तपासायचं. मूळ निर्देश वाचायचे. उपनिबंधकांच्या कार्यालयात जाऊन विचारायचं. एका वकिलाला, एका आर्किटेक्टला भेटायचं. दोघांनी वेगळं सांगितलं तर पुन्हा मूळ कागद.

२५ तास लिहायचं. दोन पानं, मोठा टाइप, मराठीत. मग गुजरातीत, कारण पार्ल्यात गुजराती शेजारी किती आहेत ते मी सांगायला नको. लिहिलेलं परत वकिलाकडून तपासून घ्यायचं. खाली ठळक छापायचं : हे कोणी केलं, कोणत्या कॉलेजच्या मुलांनी, पैसे कोणी दिले, कोणत्याही विकासकाचा याच्याशी संबंध नाही.

१५ तास पोचवायचं. सोसायट्यांचे बोर्ड, व्हॉट्सॲपचे ग्रुप, वाचनालय, ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा, सकाळी फिरायला येणारे.

आणि शेवटचे २० तास मोजायचं. फूटपट्टीने नाही. त्याच चाळीस घरांत परत जायचं आणि तेच पाच प्रश्न विचारायचे. आधी किती जणांना उत्तरं येत होती, आता किती जणांना येतात? समजा वाढली नाहीत, तर ते तसंच प्रकल्पात लिहायचं. आपलं पत्रक चुकलं, का चुकलं. मी परीक्षक असतो तर या पानाला सगळ्यात जास्त गुण दिले असते.

झाले १२० तास. बेरीज करून बघा.

अशी कामं डझनभर आहेत. आपला वॉर्ड बघा. पार्ले पूर्व के-पूर्वमध्ये, पश्चिम के-पश्चिममध्ये, आणि दोन्हींची कार्यालयं अंधेरीत. म्हणजे पार्लेकराला एका कागदासाठी अंधेरी गाठावी लागते. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक कार्यालयाने कोणी न मागता सतरा बाबी स्वतःहून जाहीर करायच्या आहेत. आणि त्या कशा, तर खर्चाचा विचार करून, स्थानिक भाषेत, त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरेल अशा पद्धतीने. जनसंपर्काची याहून सोपी व्याख्या मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही, आणि ती आहे चक्क कायद्यात. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. कोणती सेवा किती दिवसांत मिळायला हवी, ती नाही मिळाली तर अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावायचाय. तो फलक वाचून सामान्य माणसाला कळतो का, हे तपासणं आणि कळेल असा करून देणं, हा एक पूर्ण प्रकल्प आहे. कूपर रुग्णालयात पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटने केसपेपर कुठे काढायचा, कोणत्या दिवशी कोणती ओपीडी, हा दुसरा. ज्येष्ठांना फोनवरून फसवणारे "डिजिटल अटक" वाले, हा तिसरा.

आणि हे पार्ल्याला नवीन नाही. हे गाव लोकांशी बोलूनच उभं राहिलंय. टिळक गेल्यानंतर वर्षाच्या आत, १९२१ ला पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. १९२३ ला लोकमान्य सेवा संघ. अशा संस्था घरोघर जाऊन, माणसं जोडून उभ्या राहतात. १९३० ला मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्यात छावणी होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला इथे होते. जवळजवळ त्याच सुमारास, ३१ मार्च १९२९ ला, न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड बर्नेज यांनी ईस्टरच्या मिरवणुकीत तरुणींना सिगारेट ओढायला लावलं आणि त्या सिगारेटींना "स्वातंत्र्याच्या मशाली" म्हटलं. पैसे सिगारेट कंपनीचे होते, पण बघणाऱ्यांना ते कळलं नाही. जनसंपर्काच्या वर्गात बर्नेज हमखास शिकवतात. आपल्या दारातली छावणी कोणी शिकवत नाही. दोन्हीकडे लोकांना रस्त्यावर आणलं गेलं. फरक एवढाच की छावणीतल्या माणसाने आपण कोणाच्या वतीने बोलतोय हे लपवलं नव्हतं, आणि त्याची किंमत तुरुंगात जाऊन स्वतः मोजायची त्याची तयारी होती. हा फरक शेवटच्या वर्षाच्या मुलाला कळला तर १२० तास वसूल.

आता आक्षेप.

एक, "असल्या कामाने नोकरी लागते का?" माझा अनुभव सांगतो. मुलाखतीला आलेल्या मुलाने मला मोठ्या कंपनीचं सर्टिफिकेट दाखवलं की मी विचारतो, तू स्वतः काय लिहिलंस? नव्वद टक्के वेळा उत्तर नसतं, कारण त्याला लिहायला दिलेलंच नसतं. त्याऐवजी कोणी दोन पानांचं पत्रक दाखवलं आणि म्हणालं, हे मी लिहिलं, चाळीस घरांत पोचवलं, पहिल्या वेळी फसलं, मग असं बदललं, तर मी त्याला घेईन. दुसऱ्या दिवसापासून.

दोन, "मोठ्या एजन्सीत जायची संधी मिळत असेल तर?" जा की. जरूर जा. चांगल्या एजन्सी आहेत, नीट शिकवणारी माणसं आहेत. फक्त आधी विचारा, मला काय काम देणार, मला कोण शिकवणार, प्रवासाचे पैसे देणार का. हे विचारल्यावर जो रागावतो, तिथे जाऊ नका.

तीन, कॉलेजची बाजू. एका शिक्षकाकडे साठ मुलं असली तर तो साठ ठिकाणी जाऊन कसं बघणार? हा आक्षेप खरा आहे, त्याला माझ्याकडे जादूचं उत्तर नाही. पण पत्र मागण्याऐवजी काम मागता येतं. विद्यार्थ्याने केलेल्या तीन खऱ्या गोष्टी, रोजची चार ओळींची नोंदवही, आणि जिथे काम केलं तिथल्या माणसाला एक फोन. साठ मुलांना साठ फोन, पाच मिनिटांचे. पाच तास होतात. आणि मुलं एकाच परिसरातल्या दहा संस्थांत असली तर शिक्षकाला चालत जाऊनही बघता येईल. विरारपासून कुलाब्यापर्यंत विखुरली तर नाही.

चार, "संस्थांना ही मुलं म्हणजे डोक्याला ताप." असेल पहिले चार दिवस. पण आपल्या संस्थांची अवस्था काय आहे? उत्तम कार्यक्रम आणि सभागृहात पुढच्या तीन रांगा भरलेल्या, त्याही त्याच त्या चेहऱ्यांनी. फेसबुक पेजवर शेवटची पोस्ट गेल्या गणपतीतली. मुलांना काम नाही आणि संस्थांना मुलं नाहीत, आणि दोघं एकाच रस्त्यावरून जातात.

म्हणून मागणं असं.

महाविद्यालयांनी खोटं पत्र पकडलं गेलं तर काय होईल हे आधीच स्पष्ट सांगावं, आणि स्थानिक संस्थांची यादी सत्र सुरू व्हायच्या आधी तयार करावी. संस्थांनी आणि व्यावसायिकांनी वर्षाला दोन मुलं घ्यावीत. पगार परवडत नसेल तर निदान प्रवासखर्च आणि दुपारचं जेवण द्यावं. हा उपकार नाही, कामाचा मान आहे. ज्यांच्याकडे लेटरहेड आहे त्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, ओळखीपोटी सही करणं थांबवावं. नाही म्हणायला जड जातं, मलाही गेलं. पण ज्या मुलीला मी लहानपणापासून ओळखतो, तिच्या खोटेपणाचा पहिला साक्षीदार मीच का व्हायचं?

आणि पालकांनो, चार क्रेडिट जातील ही भीती मला समजते. पण क्रेडिट जाऊ नयेत यासाठी सहावं सत्र संपताना धावपळ करण्यापेक्षा दिवाळीतच मुलाला विचारा : तुझे १२० तास कुठे ठरले?

त्या मुलीचं काय झालं, विचाराल. परवा मीच त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, पत्र मिळेल, पण आधी १२० तास. आमच्या सोसायटीचा पुनर्विकासाचा घोळ सुरू आहे, त्यात वर सांगितलेलं काम कर. मी शिकवेन. रोज दुपारी जेवण आमच्याकडे, आणि रिक्षाचे पैसे देईन. आई गप्प बसली. मुलगी म्हणाली, "विचार करून सांगते काका." अजून उत्तर आलेलं नाही. कदाचित तिला दुसरीकडे सही मिळेलही. मिळणं काही कठीण नाही, हेच तर दुखणं आहे.

तिने नाही म्हटलं तरी जागा रिकामी ठेवलीय. एक माझ्याकडे. तुमच्याकडे आहे का एखादी? पार्ल्यात किंवा आसपास तुमची संस्था, ऑफिस, दवाखाना, वाचनालय असेल, आणि एखाद्या विद्यार्थ्याला खरं काम देऊ शकत असाल, तर खाली कमेंटमध्ये लिहा : काय काम, किती तास, प्रवासखर्च देणार का. मी यादी करून कॉलेजांकडे स्वतः नेऊन देतो. आणि विद्यार्थी वाचत असतील तर त्यांनी लिहावं की तुम्हाला काय करायला आवडेल.

वेळ लिहायला मात्र विसरू नका. मी एकदा विसरलो होतो.